कात्रणातली बाई

तीस वर्षांत माझा काप कधी चुकला नाही. हे वाक्य मी इतक्या जणांना ऐकवलंय की बाइंडिंगखान्यात कोणी नवीन आलं की जुने लोक माझ्या आधीच ते म्हणून मोकळे होतात आणि हसतात. हसू देत. कापायच्या मशीनवर बाई उभी आहे म्हणून ज्यांनी सुरुवातीला नाकं मुरडली, तेच आता आपला गठ्ठा माझ्याच हातून जावा म्हणून थांबून राहतात. पण गेल्या महिन्यापासून मी ते वाक्य म्हणायचं सोडलंय. का सोडलं ते सांगते, मध्ये बोलू नका.

काम तसं साधं. गठ्ठा ठोकून सरळ करायचा, मागच्या पट्टीला टेकवायचा, वरून दाब द्यायचा आणि दोन हातांनी दोन बटणं दाबायची. पातं खाली येतं आणि संपलं. त्यानंतर ब्रह्मदेव खाली उतरला तरी तो कागद जोडून देणार नाही. कापून जे पडतं ते कात्रण. आमच्याकडे ते पोत्यात भरून रद्दीला जातं, फक्त एक पिशवी सोडून. ती पिशवी रोज संध्याकाळी माझ्याबरोबर घरी येते, कारण घरी माझी नणंद आहे.

नणंद माझ्याहून बारा वर्षांनी लहान. लग्न केलं नाही, बोलते कमी, आणि हाताला सतत काहीतरी चाळा. मी तिला कात्रणबाई म्हणते. माझी पिशवी आली की ती टेबलावर ओतते आणि निवडत बसते. तांदूळ निवडावेत तसं. पत्रिकांच्या जाड पुठ्ठ्याच्या चिंधोट्या एकीकडे, रंगीत एकीकडे, नखाएवढे तुकडेसुद्धा वेगळ्या डबीत. त्यातून ती कार्डं करते. एका कार्डावर निळ्या कागदाच्या सात छटांची पाखराची शेपटी होती, आणि त्या सातही छटा मीच वेगवेगळ्या दिवशी कापून फेकल्या होत्या. आतली जागा कोरी ठेवते. लिहायचं ते ज्याचं त्याने लिहावं, म्हणते. मग ती कार्डं गल्लीत वाटते. चष्मेवाला, औषधवाला, शिंपीणबाई, दूधवाला, कोणालाही.

मी काय कमी बोलले असेन तिला? घराचा उकिरडा केलास, पलंगाखाली कागद, भांड्यांच्या फळीवर कागद, उद्या भातात निघेल कागद. माझा नवरा, म्हणजे तिचा भाऊ, आमच्या दोघींच्या मध्ये पडत नाही. शहाणा आहे. आणि मी एवढी कटकट करते तरी पिशवी मात्र एक दिवस चुकवत नाही, हेही खरंच आहे.

तर एका शनिवारी चावीवाला आला. मोठ्या रस्त्याच्या वळणाआधी त्याचं खोपटाएवढं दुकान आहे, कुलपं उघडून देतो, चाव्या घासून देतो. उंच, वाकलेला, बोटं कायम काळी. त्याने रुमालात बांधलेली एक वही माझ्यासमोर ठेवली. त्याच्या बायकोची. लग्नानंतर ती नर्सिंगचं शिकली, तेव्हाची. ती जाऊन अकरा महिने झाले होते. वहीची शिवण सुटली होती, पानं फुगून वेडीवाकडी झाली होती, कडा तर उंदराने कुरतडल्यासारख्या. शिवून, नवा पुठ्ठा घालून पाहिजे, एवढंच त्याचं म्हणणं. मग वही माझ्याकडे सरकवताना म्हणाला, "कडा कापू नका. कडेला तिने काहीबाही गिरगटलेलं आहे. तेही राहू दे."

मी म्हटलं, काळजी करू नका. त्याच्यासमोर चिठ्ठी लिहिली, माझ्या हाताने, मोठ्या अक्षरात: कडा कापू नयेत. चिठ्ठी वहीत खोचली. पुढच्या शनिवारी या म्हटलं.

सोमवारी वही सोडवली, धुळीचे कण झाडले, नवीन दोऱ्याने शिवली. शिवताना चिठ्ठी मध्ये येत होती म्हणून काढून बाजूला ठेवली. आणि मग काय झालं म्हणाल, तर काहीच झालं नाही. शिवलेली वही हातात आली, तिच्या त्या झडलेल्या कडा दिसल्या, आणि माझे हात आपोआप मशीनकडे गेले. तीस वर्षं जे हात एकच गोष्ट करतात त्यांना विचारायची सवय राहत नाही. कडा फार खराब होत्या, म्हणून नेहमीपेक्षा जास्त घेतलं, चांगलं बोटभर. पातं आलं. कड अशी सुरेख निघाली की मी त्यावरून अंगठा फिरवून पाहिला आणि स्वतःवर खूश झाले. पट्ट्या इतर कात्रणाबरोबर हाताने लोटल्या आणि पिशवीत भरल्या.

बुधवारी सकाळी खळीचं भांडं उचललं तर त्याच्या बुडाला काहीतरी चिकटलेलं. खरवडून काढलं. माझंच अक्षर.

चिठ्ठी हातात धरून स्टुलावर बसले. मालक आले, त्यांना सांगितलं. त्यांनी वही उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाले, कड इतकी झकास आलीय, तोच खूश होईल, तुम्ही आपण होऊन काही बोलू नका. माणूस वाईट नाही, त्यांना खरंच तसं वाटत होतं. मी पहिल्यांदा ती पानं नीट पाहिली. बाईने काटकसरीने लिहिलं होतं, एकाच बाजूला पण अगदी कडेपर्यंत. जखम कशी धुवायची, पट्टी कशी बांधायची, तापाचे आकडे. आणि प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द अर्धा तुटलेला. शहाण्णव पानं, प्रत्येक ओळ तोंडावर हात दाबून गप्प केल्यासारखी. त्या माणसाने हातात दिलेली एवढीच वस्तू, आणि मी ती सोलून ठेवली होती.

वही कापडात गुंडाळली आणि दुपारीच घरी गेले. जिना चढता चढता ओरडायला लागले, सोमवारची पिशवी कुठंय म्हणून. नणंद टेबलाशीच होती. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता पलंगाखालून खोकं ओढलं. बारीक निळ्या अक्षरांच्या पट्ट्या तिने वेगळ्याच ठेवल्या होत्या. तिला त्या आवडल्या होत्या, कारण जवळजवळ प्रत्येकीच्या खालच्या टोकाला अंगठ्याच्या नखाएवढी, काहींवर त्याहूनही लहान, एक बाई काढलेली होती. शाईच्या पाचसहा रेघा. वेणी, खांद्याला पिशवी. मी चार पट्ट्या हातात घेतल्या, चारींवर तीच बाई, तशीच उभी. वर्गात कंटाळा आला की माणूस काय करणार, असं माझ्या मनात आलं.

माझा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच नणंद खाली बघून म्हणाली, अठरा पट्ट्यांची कार्डं झालीत. सात घरात आहेत. अकरा वाटली.

गुरुवारी मी सुट्टी टाकली आणि गल्लीत भीक मागायला निघाले. दुसरा शब्द नाही. ज्या बाईचं कोणाशी धड पटत नाही, ती दारोदार जाऊन भेट दिलेली वस्तू परत मागते आहे. शिंपीणबाईने आधी मला पाणी दिलं, मग विचारलं की तब्येत बरी आहे ना. पण मला नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. माझा समज होता की लोक ती कार्डं तोंडदेखलं घेतात आणि फेकून देतात. औषधवाल्याने गल्ल्याच्या वर काचेआड चार वर्षांची कार्डं ओळीने लावली होती. शिंपीणबाईने शिवणयंत्राच्या खणात, सुयांच्या शेजारी. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी कार्ड परत देताना मला दोनदा बजावलं की त्यांना दुसरं मिळालंच पाहिजे, आणि पाखरूच पाहिजे. माझ्या हातून पडलेला केर या लोकांनी असा जपून ठेवला होता, आणि मी घरात रोज त्यावरून तोंड वाजवत होते. मला लाज वाटली, स्पष्टच सांगते.

आठ मिळाली. तीन गेली ती गेलीच. एक चष्मेवाल्याने आपल्या बहिणीला दूरच्या गावी पाठवलं होतं, एक दूधवाल्याकडे भिजून लगदा झालं होतं, आणि एक औषधवाल्याने कोणा रडणाऱ्या गिऱ्हाइकाला देऊन टाकलं होतं. नाव ठाऊक नाही.

नणंदेने पंधराही कार्डांवरून पट्ट्या वाफेवर धरून सोडवल्या. एकही फाटली नाही. मग आम्ही दोघी जमिनीवर बसलो. बेत एवढाच होता की पट्ट्या क्रमाने लावायच्या, पाकिटात घालायच्या आणि त्याच्यासमोर मान खाली घालायची. पण कोणती पट्टी कोणत्या पानाची? तुटलेल्या शब्दांनीच ते सांगितलं. पानावर 'जख' होतं, तर पट्टीवर 'म'. पानावर अर्धा वेलांटीचा फराटा, तर उरलेला पट्टीवर. मी पान धरायचं आणि ती ढिगातून पट्टी उचलायची. मला दहा पट्ट्या पाहाव्या लागत होत्या तिथे तिचा हात थेट हव्या त्या पट्टीवर जायचा. हिला मी इतकी वर्षं रिकामटेकडी म्हणत आले. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं तेव्हा त्र्याण्णव पट्ट्या ओळीत लागल्या होत्या.

गठ्ठा हातात आला की मी मोजते. ती आमची पद्धत. एका टोकाला घट्ट धरायचं आणि दुसऱ्या टोकावरून अंगठ्याने पानं भरभर सोडत जायची. पाच पाच करून सोडते मी, डोळे गठ्ठ्याच्या टोकावर. तशीच सोडत गेले, आणि मोजता मोजता थांबले, कारण खालच्या टोकावर काहीतरी हललं.

मी नणंदेकडे पाहिलं. तिनेही पाहिलं होतं. ती म्हणाली, "वहिनी, पुन्हा."

पुन्हा सोडली. कागद पातळ, दुमडत होता, चिकटत होता, पण मधेच चार पावलं स्पष्ट दिसली. ती बाई चालत होती.

त्या पाचसहा रेघा सारख्या नव्हत्याच. प्रत्येक पानावर पाय केसभर पुढे, पिशवी केसभर मागे. तिने शहाण्णव दिवस, की किती दिवस देव जाणे, रोज एक पान लिहून झाल्यावर एक पाऊल टाकलं होतं. वही नीट असताना कोणी अशी पानं सोडून पाहिली असती तर दिसलं असतं. पण वही केव्हाच फुगून वाकडी झाली होती, आणि कडा एकसारख्या झाल्याशिवाय ती पानं भरभर सुटलीच नसती.

शुक्रवार सगळा नणंदेचा. तिने तिच्या डब्यातले पत्रिकांच्या पुठ्ठ्याचे तुकडे काढले. कागद एका बाजूने वाकवला तर सहज वाकतो, दुसऱ्या बाजूने कुरकुरतो. तिने प्रत्येक तुकडा बोटांनी वाकवून पाहिला आणि वाकणारी बाजू बरोबर पट्टीच्या लांबीला आणली. मला बाइंडिंगमध्ये इतकी वर्षं झाली, मी कबूल करते, मी एवढी बारकाई केली नसती. त्र्याण्णव पट्ट्या त्र्याण्णव तुकड्यांवर चिकटल्या, खळ अशी की ओल वर फुटू नये. राहिलेल्या तीन जागी तिने कोरे तुकडे घातले. मी म्हटलं, तीनच तर आहेत, मागचंपुढचं बघून तू काढून टाक, तुझा हात आहे, कोणाला कळणार? तिने मान हलवली.

"ते तिचं चालणं आहे," ती म्हणाली. "ते मी कसं चालू?"

वरचं टोक मी शिवलं आणि कापडाने बांधलं. बोटभर रुंद, वीतभर लांब, तिकिटांच्या पुस्तकासारखी चोपडी. ऊन टेबलावर होतं तोवर नणंदेने ती हातात धरली आणि पहिल्या पानापासून सोडली.

बाई उभी होती. तिने कानामागे केस सारले, खांद्यावरची पिशवी सावरली, पाठ फिरवली आणि चालायला लागली. लहान होत गेली. वेणी हलत होती, एवढीशी वेणी, अर्ध्या रेघेची. मधे तीनदा पान कोरं गेलं तरी डोळ्यांनी ते मानलंच नाही, ती चालतच राहिली. अगदी टोकाला, तांदळाच्या दाण्याएवढी झाल्यावर, ती थांबली, मागे वळली, हात वर केला. मग ठिपका. शेवटच्या पानावर काहीच नव्हतं.

मी फार रडणारी बाई नाही. नवरा कामावरून आला आणि आम्हा दोघींना टेबलाशी तसं बसलेलं पाहून दारातच थबकला. कोण गेलं, म्हणाला. मी त्याला चोपडी दाखवली. त्याने ती पाचदा पाहिली आणि चप्पल काढायची विसरून तसाच खुर्चीत बसला.

शनिवारी चावीवाला आला. रात्रभर मी काय काय वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही तोंडात आलं नाही. वही त्याच्यासमोर ठेवली आणि म्हटलं, "कडा मी कापल्या. तुम्ही सांगितलं होतं, मी लिहूनही घेतलं होतं, आणि तरी कापल्या." मालक आतून पाहत होते. चावीवाल्याने वही उघडली. आपलं काळं बोट त्या सरळ कडेवरून वरपासून खालपर्यंत नेलं. ओळींचे तुटलेले शब्द वाचले. आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं मला. त्याने फक्त विचारलं, ते कुठे आहे?

मी चोपडी दिली. तीन पट्ट्या हरवल्या आहेत हेही सांगितलं. कशी सोडायची ते दाखवायला हात पुढे केला, पण त्याने तोवर टोकाला अंगठा लावलाच होता. किल्लीचे दाते अंगठ्याने चाचपणारा माणूस, त्याला काय दाखवायचं.

बाईने केस मागे सारले. पाठ फिरवली. गेली. वळली, हात केला, ठिपका, आणि कोरं पान.

तो त्या कोऱ्या पानाकडे बघत राहिला. मशीन बंद होतं, तरी मला वाटत होतं की ते बंद करावं. मग तो बोलला, माझ्याशी की स्वतःशी, कळलं नाही. रोज निघाली की ती वळणावर थांबून मागे बघायची, तो दुकानातून हात करायचा. शिकायला जायची तेव्हाही, पुढे कामाला जायला लागली तेव्हाही. शेवटच्या दिवशी त्याच्यापुढे एक अडलेलं कुलूप होतं. "थांबली असणार," तो म्हणाला. "मी मान वर केली नाही."

मी माझं स्टूल त्याच्याकडे सरकवलं. तो बसला नाही.

त्याने चोपडी हातात तशीच ठेवली, उलटी केली नाही, बंद केली नाही. फक्त अंगठा खाली नेला, शेवटच्या कोऱ्या पानाच्या मागे, आणि पानं मागून पुढे सोडायला लागला. हे आम्हा दोघींना सुचलंच नव्हतं. आम्ही कागदाची माणसं. पान म्हटलं की पहिल्यापासून शेवटापर्यंत, अशी आमची मळलेली वाट. दोन दिवस आम्ही तिला नुसतं जाताना पाहत होतो.

कोऱ्या पानावर ठिपका आला. ठिपक्याला हात फुटला. हात खाली आला आणि ती चालू लागली, पाचसहा रेघांत पाठ कुठली नि तोंड कुठलं कोण पाहतंय, वळणावरून इकडे, मोठी होत, वेणी हलवत, पिशवी सावरत, पुढे, आणखी पुढे, आणि येऊन त्याच्या अंगठ्याशी उभी राहिली.

त्याने दुसरा हात वर केला. खांद्याच्या वर नाही, थोडासाच, बोटं उघडून, दुकानातून करायचा असेल तसा.

"आली," तो म्हणाला.